दार लोटून घातलेली शीळ

नेवाशाची मुलगी पारनेरात देऊ नये, असं माझी चुलती लग्नाच्या मांडवात म्हणाली होती आणि तिला सगळ्यांनी गप्प बसवलं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की प्रवरेच्या काठावर वाढलेल्या पोरीला पाणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि पारनेरात पाण्यावाचून दुसरी चर्चा नसते. मला ते ठाऊक व्हायला फार वेळ लागला नाही. आमचा हौद घराला लागून आहे आणि गोठा खाली, उताराच्या टोकाला. मधली वाट दगडगोट्यांची. सकाळी भरल्या बादल्या घेऊन उतरायचं, रिकाम्या घेऊन चढायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. दुभत्या गाईला किती पाणी लागतं, हे ज्याने कधी वाहिलेलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. उतार उलट्या बाजूला नाही, एवढ्याबद्दल मी देवाचे आभार मानत आले आहे. गोठ्याच्या बाबतीत बाकी त्याने माझ्यासाठी काही केलेलं नाही.

गोठा आजेसासऱ्यांनी बांधलेला. भिंती दगडमातीच्या आणि इतक्या जाड, की वैशाखातही आत गार वाटतं. दार एकच, बाभळीच्या फळ्यांचं, लोटलं की करकरतं. आत चार गाई. त्यांतली थोरली डॉक्टरीण. हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं, कारण पुढ्यात काहीही आलं तरी ती आधी वास घेते, मागे सरकते, विचार करते आणि मगच तोंड लावते. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघून वागतात. स्वतःची अक्कल एकीलाही नाही.

आता शीळ घालण्याचं सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरूनच झाला. जनावर पाण्यापुढे उभं केलं की लगेच पितं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. ते नुसतं उभं राहतं, कान हलवतं, लांब कुठेतरी बघतं. मग माणूस ओठ गोल करून हलकी, लांब शीळ घालतो आणि जनावर मान खाली घालून प्यायला लागतं. माझे वडील प्रवरेवर बैल न्यायचे, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहून हे शिकले. वडिलांनी कधी अडवलं नाही. बैलांनीही नाही.

सासरी आल्यावर पहिल्यांदा गाईंपुढे बादल्या ठेवल्या, तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गाई तेव्हाच्या वेगळ्या, पण बघणं हेच. मी हळूच शीळ घातली, तशी सगळ्यांची तोंडं पाण्यात गेली. म्हणजे या गोठ्यात आधीपासून कुणीतरी शीळ घालत होतं. सासरेच असणार, दुसरं कोण, असं मी धरून चालले.

मग एक दिवस हौदावर धुणं धुताना मी नादात शीळ घातली, आणि सासूबाई घरातून तरातरा बाहेर आल्या. माझ्या सासूबाई म्हणजे बनुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

“बाईच्या जातीला शीळ शोभत न्हाई,” त्या म्हणाल्या. “परत ऐकू आली तर म्हायेरी पोचवीन.”

माझा स्वभाव उलट उत्तर देण्याचा आहे. पण नवी नवरी होते, म्हणून सगळा राग धुण्यावर काढला. तेव्हापासून मी गोठ्यात गेले की दार लोटून घेते आणि मगच शीळ घालते, तीही दबक्या आवाजात. मुलगी मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली, सासरे गेले, आत्याबाईंना कमी ऐकू यायला लागलं, तरी माझं दार लोटणं सुटलं नाही. नवऱ्यालाही कधी कळलं नाही. त्यांना तसं बरंच काही कळत नाही, पण ते असो.

तर यंदा आमच्या बचत गटाची सहल ठरली. कोकणात, समुद्र बघायला. लंकाताई आमच्या अध्यक्ष. त्यांनी मिनीबस ठरवली, शुक्रवारी सकाळी निघायचं, मंगळवारी परत. मी समुद्र पाहिलेला नव्हता. टीव्हीत पाहिला होता, पण टीव्हीत मी चंद्रही पाहिला आहे. बाळंतपणाचे दिवस सोडले तर लग्नानंतर एक रात्रसुद्धा मी हा गोठा सोडून कुठे राहिलेले नव्हते. माहेरी गेले तरी सकाळचं पाणी करून निघायचं आणि संध्याकाळच्या पाण्याला परत हजर. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे आदिनाथांचा, दुधाचा टेम्पो आहे. त्यांची कंबर गेलेली, सदा पट्टा लावून असतात, डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. आत्याबाईंचे गुडघे गेलेले. राहिले माझे दोन हात. लंकाताईंना मी नाही म्हणणार होते, म्हणजे तोंड उघडलंही होतं, एवढ्यात हे मध्येच बोलले.

“ती येनार,” हे म्हणाले. “नाव लिव्हा तिचं. बस निघायच्या आत मी गोठ्यात नळ आनतो.”

मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी यांच्याशी एकदाही भांडले नाही.

यांच्या डोक्यात नुसता नळ नव्हता. राहुरीच्या शेतकी प्रदर्शनात यांनी गाईंसाठी लोखंडी बाऊल पाहिले होते. गव्हाणीशेजारी भिंतीला बसवायचे. आत एक पट्टी असते. गाईने नाकाने पट्टी दाबली की पाणी चालू, तोंड काढलं की बंद. “तिला पायजे तवा ती पिनार. मानसाची गरजच न्हाई,” हे म्हणाले. मला ते ऐकून एकीकडे आनंद झाला आणि दुसरीकडे थोडा रागही आला, कारण इतकी वर्षं ते माणूस मीच होते.

नळाच्या कामाला वाल्मिक आला. गावात नळाचं काम म्हटलं की वाल्मिकच. कामाला वाईट नाही, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याचं एकच निदान असतं. पाणी येत नाही, तर “लाईनीत एअर धरलीय.” पाणी जास्त येतं, तरी एअर. एकदा माझा मोबाईल लागत नव्हता, तेव्हाही तो म्हणाला, “एअर आसंल.” हौदाशेजारी चौथऱ्यावर टाकी चढवली, पाईप उतारावरून खाली नेला, इथवर सगळं ठीक झालं. मग गोठ्याची भिंत आली.

आजेसासऱ्यांनी ती भिंत बहुतेक तोफेचा मारा सोसायला बांधली असावी. वाल्मिकच्या ड्रिलचं टोक आत शिरलं, घरघरलं आणि तुटून तिथेच राहिलं. दुसरं घातलं, तेही राहिलं. मग पहार आणि हातोडा. दिवसभर ठोकाठोक चालली आणि संध्याकाळी पहार एकदाची आरपार गेली. ती निघाली ती आतल्या कोनाड्यात, आणि कोनाड्यात होता आत्याबाईंच्या मिसरीचा डबा. डबा उडून थेट डॉक्टरणीच्या पाठीवर. तिने लाथ झाडली ती दुधाच्या किटलीला. किटली गडगडत दारापर्यंत गेली आणि वाल्मिक पहार टाकून पळाला.

“माझी मिसरी हितं कुनी ठिवली?” काम बघायला आलेल्या आत्याबाईंनी विचारलं.

“तुमीच ठिवली आसंल,” मी म्हणाले.

“मी कशाला गोठ्यात येतीया?” त्या म्हणाल्या आणि डबा पदराखाली घालून काठी टेकत घराकडे गेल्या. कामाच्या गडबडीत मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बस निघायच्या आधीच्या मंगळवारी नळाचं उद्घाटन झालं. आमच्याकडे नवी वस्तू आली की तिची पूजा केल्याशिवाय तिला हात लावत नाहीत, मग ती वस्तू टेम्पो असो की पिठाची गिरणी. आत्याबाईंनी चारही बाऊलना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नारळाचं पाणी पाइपावर शिंपडलं. शेजारपाजारची मंडळी जमली होती. लंकाताई आल्या होत्या. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावरून कमरेचा पट्टा.

“आता बघा,” हे म्हणाले आणि वाल्मिकने वरचा कॉक उघडला.

पाईप खोकला. मग भिंतीपाशी जिथे तो वळतो, तिथला सांधा फटकन निसटला आणि पाण्याची धार यांच्या इस्त्रीच्या शर्टावर आली. हे ओरडले, वाल्मिक वरून ओरडला, “एअर हाय! जाऊ द्या तिला!” एअर गेली, पाणी मात्र बराच वेळ जात राहिलं. सांधा पुन्हा चिकटवला, वाळेपर्यंत सगळ्यांना चहा दिला, आणि मग खरोखरच डॉक्टरणीच्या बाऊलमध्ये पाणी आलं. यांनी बोटाने पट्टी दाबून दाखवली. फस्स करून पाणी आलं. बोट काढलं, बंद झालं. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच भरून आलं. मी पाइपाकडे बघत होते आणि माझे दोन्ही खांदे मला हलके वाटत होते.

गाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरणीने बाऊलचा वास घेतला, मागे सरकली, लांब बघत उभी राहिली. बाकीच्या तिघींनीही लांब बघितलं.

“लाजतीया,” हे म्हणाले. त्यांनी पुन्हा बोटाने पाणी काढून दाखवलं. मग ते खाली वाकले, स्वतःच्या नाकाने पट्टी दाबली आणि सुर्र करून दोन घोट पाणी प्यायले. डॉक्टरणीने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की लंकाताईंनी तोंडाला पदर लावला.

काय पाहिजे ते मला माहीत होतं. ओठ गोल केले की काम झालं असतं. पण समोर सगळं गाव उभं, त्यात आत्याबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन. मी ओठ मिटून घेतले.

मग उपाय सुरू झाले. यांचं म्हणणं, नव्या पाइपाला वास येतोय, म्हणून टाकीभर पाणी सोडून दिलं. मी हळहळत ते उतारावरून वाहताना बघितलं. शेजारचे आबासाहेब म्हणाले, बाऊलचं तोंड दक्षिणेला आहे, गाय कशी पिईल? आत्याबाईंनी मीठमोहऱ्यांनी गाईंची दृष्ट काढली. वाल्मिकला बोलावलं, त्याने डॉक्टरणीच्या पोटाला कान लावला.

“एअर हाय,” तो म्हणाला.

बादली दाखवायची नाही, असा यांनी हुकूम काढला. बादली दिसली की गाईंना जुनी सवय राहील. तहान लागली की पितील झक मारत. हे बोलून हे टेम्पो घेऊन गेले, आणि गोठ्यातून असा हंबरडा यायला लागला, की मला घरात बसवेना. मी खाली गेले, दार लोटलं, बाऊलपाशी उभी राहिले आणि शीळ घातली. डॉक्टरणीची मान नेहमीसारखी खाली आली, नाक पट्टीवर आपटलं, फस्स झालं, ती दचकून मागे सरली. मी पुन्हा घातली. पुन्हा मान खाली. या वेळी फस्स झालं तरी ती हलली नाही. ती प्यायली, प्यायली, पोट टम्म होईपर्यंत प्यायली. मग बाकीच्या तिघी. मी बादली उचलली नव्हती आणि गाई पाणी पीत होत्या. मला नाचावंसं वाटलं. नाचलेही थोडीशी, दार बंदच होतं.

पण शीळ थांबली की माना वर. मी नसताना शीळ घालणार कोण? आणि सांगणार कुणाला, की एक बाई घालत होती?

बुधवारी सकाळ-संध्याकाळ हेच झालं. हे आले की गाई तहानलेला चेहरा करून लांब बघायच्या. हे गेले की मी दार लोटायचे. यांना एकच कोडं पडलं, की गाई पाणी पीत नाहीत आणि दूध मात्र तसूभरही कमी होत नाही. “पान्याबिगर दूध देनारी जात हाय ही,” असं ते डेअरीत सांगून आले. तिथे लोक हसले. मग हे रागावून घरी आले आणि मलाच म्हणाले, “तू गेलीस आन् ह्या आजारी पडल्या तर मी काय करू?”

त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. गुरुवारी सकाळी मी लंकाताईंना फोन केला आणि सांगितलं, की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या.

“आगं, उद्याची तर बस हाय,” त्या म्हणाल्या.

“गाया पीत न्हाईत,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चुलीपुढे बसून रडले. रडायला आलं ते सांगायला लाज कसली? समुद्रावाचून कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण पिशवी भरून ठेवलेली होती, आणि त्या पिशवीकडे बघवत नव्हतं. पिशवीत पायांत घालायच्या नव्या रबरी चपला होत्या, वाळूत चालायच्या.

दुपारी हे म्हणाले, टेम्पोचं चाक पंक्चर आहे, तालुक्याला जाऊन येतो. मी डोळे पुसून गोठ्यात गेले. दार लोटलं. गाईंना पाणी पाजलं, प्रत्येकीसाठी वेगळी शीळ, सावकाश, मनापासून. मग डॉक्टरणीच्या मानेखाली खाजवत तिच्याशी बोलत बसले, कारण दुसरं ऐकणार कोण होतं?

“बाई गं, नळ आनला खरा आमच्या येड्यानं,” मी तिला म्हणाले, “पन तुला मान खाली घालायला लावायचं त्याला काय ठाव? शर्टाला इस्त्री मारून उद्घाटनं करतंय. तू तरी जरा अक्कल वापर. चार दिस माझ्याबिगर पी की गं.”

कोपऱ्यात रचलेला कडबा शिंकला.

मी ओरडले. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सरल्या आणि त्यातून हे बाहेर आले. केसांत धाटं, मिशीत भुसा, कमरेला पट्टा. गाई चोरून कधी पितात ते पकडायला म्हणून सकाळीच यांनी ही शक्कल काढली होती, पंक्चर वगैरे काही नव्हतं. चोरून पिणाऱ्या गाई त्यांनी पकडल्या होत्या, आणि सोबत बायकोही.

“तू शीळ घालतीस?” हे म्हणाले.

“येडं म्हनले ते ऐकलंत का?”

“ते ऱ्हाऊ दे. तू शीळ घालतीस?”

“घालते,” मी म्हणाले. “लगीन झाल्यापासून घालते. बोला काय बोलायचं ते.”

हे खाली बसून हसायला लागले, इतके की कमरेचा पट्टा सुटला. मला वाटलं होतं चिडतील. हसल्यावर मलाच चिडल्यासारखं झालं. “हसताय काय? घाला तुमी. तुमी बाप्या मानूस, तुमाला कोन अडवतंय? तुमाला जमली तर मी उद्या जाते.”

हे उठले, डॉक्टरणीसमोर उभे राहिले, छाती फुगवली आणि ओठ गोल केले. यांचा पुढचा दात कबड्डीत पडलेला आहे. फुस्स आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. नुसती वाऱ्याची फुंकर. डॉक्टरणीने पापण्या मिटल्या.

“लाईनीत एअर धरलीय,” मी म्हणाले, आणि मग मलाही हसू आवरेना. हसताहसता परत रडू आलं. हे जवळ येऊन माझ्या डोक्यावरचं धाट काढत होते, ते माझ्या डोक्यावर कुठून आलं कोण जाणे.

“आईला कळलं तर?” हे हळूच म्हणाले.

दार करकरलं. दारात आत्याबाई काठी टेकून उभ्या होत्या.

“आईला काय कळायचं ऱ्हायलंय?” त्या म्हणाल्या.

मी पदर सावरला, जणू त्याने काही झाकलं जाणार होतं. आत्याबाई आत आल्या, एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. गुडघे दाबत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून मी बाऊलकडे बघत राहिले.

“तुमाला तर ऐकू येत न्हाई,” मी म्हणाले.

“भांड्यांचं येत न्हाई. तुझं बोलनं येत न्हाई. शीळ येती.”

“मग येवढी वर्सं बोलला न्हाईत ते?”

“मी बोलले हुते ते हौदावरच्या शीळंला. तिथनं रस्त्यानं मानसं जात्यात. गोठ्यात तू दार लोटून घेत हुतीस. मी म्हनलं, पोरगी शानी हाय. मला दार लोटायचं सुचलं न्हाई. माझ्या सासूनं धरलं मला. दिवाळीला बोलनं टाकलं माझ्याशी, ते थेट होळीला बोलली.”

मी आणि हे, दोघांनी एकदमच मान वळवली.

“तुमी?” मी म्हणाले. “मला वाटलं, मामंजी घालत हुते.”

“त्यो?” आत्याबाई म्हणाल्या. “त्याच्या तोंडात सकाळधरनं तंबाखू. शीळ काय, धड बोलता येत न्हव्हतं त्याला. तुझ्या बाळंतपनात गाया काय वाऱ्यावर जगल्या का?”

मिसरीचा डबा कोनाड्यात कसा आला ते मला तेव्हा कळलं. मी बाजाराला गेले, गटाच्या मीटिंगला गेले, की या गुडघे दाबत उतार उतरून गोठ्यात येऊन बसत होत्या. मिसरी लावायला, गाईंशी बोलायला, आणखी काय करायला, ते त्यांनाच माहीत.

आत्याबाईंनी ओठ गोल केले. फुस्स.

“आई, एअर हाय,” हे म्हणाले.

“गप बस,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढली, पदराच्या टोकात बांधली आणि पुन्हा ओठ गोल केले.

ती शीळ माझ्यासारखी दबकी नव्हती. लांब, जाड, आणि शेवटी जरा वर चढणारी. डॉक्टरणीने कान टवकारले. तिने आत्याबाईंकडे बघितलं, बाऊलचा वास घेतला आणि मान खाली घातली. फस्स झालं. मग बाकीच्या तिघींची फस्सफस्स सुरू झाली, आणि गोठाभर पाण्याचा आवाज भरून राहिला. आम्ही तिघं त्यांचं पिणं संपेपर्यंत बघत राहिलो. दार सताड उघडं होतं आणि ते लोटायला कुणीच उठलं नाही.

आत्याबाईंनी कवळी परत बसवली.

“जा तू,” त्या म्हणाल्या. “बादली मला उचलत न्हाई. पन आता बादली हाय कुठं? बसून शीळ तर घालायची. आदिनाथ मला हात धरून खाली आनंल, वर न्हेईल.”

मी त्यांच्या पायांशी बसले आणि त्यांचे गुडघे चेपायला लागले. एरवी त्या चेपू देत नाहीत, त्या दिवशी दिले. यांनी तिथूनच लंकाताईंना फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “जागा दिऊ नका कुनाला! गाया प्याल्या!”

समुद्र मी शनिवारी पाहिला. तो कसा आहे ते सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही त्यांनी नळ बसवून घ्यावा आणि जावं. मी नव्या चपला हातात घेऊन पाण्यात उभी राहिले, आणि पहिलं मनात आलं ते हे, की एवढं पाणी आणि एकाही बाईच्या डोक्यावर हंडा नाही. मग मी घरी फोन लावला.

“गाया आता आपल्या आपनच प्यायला लागल्या,” हे म्हणाले. “शीळ न्हाई घातली तरी पट्टी दाबत्यात.”

“मग आत्याबाई?”

“ती कुठं ऐकतीया? सकाळ-संध्याकाळ जाऊन बसती, दार उघडं टाकून घालती. रस्त्यानं जानारी मानसं थांबून बघत्यात. थांब, दितो तिला.”

फोनवर थोडी खुडबुड झाली. मग आत्याबाईंचा आवाज आला.

“लई पानी हाय का गं?”

“लई हाय, आत्याबाई. नजर पुरत न्हाई.”

“पितं का कोन?”

“न्हाई. खारट हाय.”

त्यांनी विचारलं, “शीळ घातलीस का?”

मी आजूबाजूला बघितलं. गटाच्या सगळ्या बाया पाण्यात, भेळवाला, घोडेवाला, कुठली कुठली माणसं. “हितं?” मी म्हणाले. “समद्यांदेखत?”

“मग काय? तितं दार हाय व्हय लोटायला?” आत्याबाई म्हणाल्या. “आन् मोठ्यानं घाल. मला ऐकू येत न्हाई.”

मी फोन समोर धरला, ओठ गोल केले आणि घातली. लंकाताईंनी चमकून मागे बघितलं, मग भेळवाल्याने, मग सगळ्यांनीच. माझा श्वास संपला तेव्हा मी फोन कानाला लावला.

“शेवटाला वर चढव,” आत्याबाई म्हणाल्या. “परत घाल.”